समुद्राला पाठिंबा

माझ्या एका घरमालकांचा समुद्राला पाठिंबा होता. तोंडी नव्हे, लेखी. बारा पानं, वर समितीचा शिक्का, खाली सह्या आणि अंगठे. समुद्र त्यांनी तोवर पाहिलेला नव्हता, आणि सह्या करणाऱ्यांपैकी बहुतेकांनी त्या वर्षी अंघोळीपुरतंही पाणी पाहिलेलं नव्हतं. तरी पाठिंबा दिला गेला आणि शासनदरबारी रुजूही झाला. ती बारा पानं माझ्या अक्षरात आहेत, तेव्हा हसायचं असेल तर सुरुवात माझ्यापासून करायला हरकत नाही.

मी मूळचा भोकरचा. नोकरीच्या पहिल्या वर्षी मुरुडच्या एका हायस्कुलात मराठीचा मास्तर म्हणून लागलो. मुरुड म्हणजे लातूरजवळचं, हे आत्ताच सांगून ठेवतो, कारण पुढचा सगळा घोळ नावाचाच आहे. कोकणात समुद्राकाठी दुसरं एक मुरुड आहे. ते लोकांना माहीत असतं, आमचं नसतं. दोन्ही मुरुडांच्या मध्ये अर्धा महाराष्ट्र आडवा पडलेला आहे, पण सरकारी टपालाला एवढ्या अंतराचं काही वाटत नाही.

जुन्या पेठेत एक कापडाचं दुकान होतं आणि त्याच्या माडीवरची खोली मला भाड्यानं मिळाली. मालकांना सगळं गाव आप्पा म्हणायचं, मीही तेच म्हणू लागलो. लिंगायत घर. कपाळावर भस्माचे पट्टे, गळ्यात लिंग, अंगात कायम एकच कोट, मग तो मे महिना का असेना. खोली दाखवताना त्यांनी माझी जात विचारली नाही, पगार विचारला नाही. एक कागद पुढे करून "चार ओळी लिव्हा बरं" म्हणाले. मी लिहिल्या. त्यांनी कागद हात लांब करून पाहिला, मग जवळ धरून पाहिला आणि म्हणाले, "उद्याच सामान घिऊन या." मला वाटलं, अक्षराची कदर करणारा रसिक माणूस भेटला. आपल्याला बिनपगारी लेखनिक म्हणून ठेवून घेतलंय हे कळायला मला एक आठवडा लागला.

आप्पा 'बाजारपेठ सुधार समिती, मुरुड' या संस्थेचे अध्यक्ष होते. चिटणीसही तेच होते आणि सभासदही तेच. त्यामुळे गणसंख्येअभावी समितीची सभा कधी तहकूब झाली नाही. समितीचं मुख्य काम पाठिंबा देणं. सरकारनं काहीही नवं काढलं की आप्पांचा त्याला लेखी पाठिंबा जायचा. टेलिफोनच्या खांबांना त्यांचा पाठिंबा होता. कोंबडीपालनाला होता, आणि घरात अंडं कुणी शिवत नव्हतं. कुटुंबनियोजनाच्या शिबिराला होता. एका निवडणुकीत दोन्ही उमेदवारांना होता, आणि दोघांनाही तो एकाच दिवशी, एकाच मजकुराचा, माझ्या अक्षरात मिळाला. मी कुरकुर केली तर म्हणाले, "पाठिंबा फुकट असतोय मास्तर. विरोधाला वकील लागतोय."

सही मात्र ते उर्दूत करायचे. निजामाच्या काळात शाळा झालेली, तेव्हा जी सही हाताला बसली ती बसली. मराठी मजकूर डावीकडून यायचा, सही उजवीकडून जायची आणि दोघांची गाठ शिक्क्यापाशी पडायची. मोठी देखणी सही होती. हिचं पुढे काय होणार होतं याची तेव्हा कुणाला कल्पना नव्हती.

आता हे सगळं कशासाठी, तर पेठेसाठी. लातूर जिल्हा तेव्हा नुकताच वेगळा झालेला. झाला त्या दिवशी पेठेनं पेढे वाटले. जिल्हा जवळ आला म्हणजे जिल्ह्याचा बाजारही जवळ आला, हे पेढे खाताना कुणाच्या ध्यानात आलं नाही. पूर्वी लोक कचेरीच्या कामाला लांब जायचे आणि लुगडं मुरुडात घ्यायचे. आता कचेरीच्या कामाला लातूरला जायचे आणि येताना लुगडं, चपला, आरसा, फणी सगळं तिथूनच घेऊन यायचे. उरलासुरला धंदा नव्या स्टँडकडं, सडकेच्या कडेला सरकला. त्यात दुष्काळ. विहिरींनी तळ दाखवला, बाया-माणसं रोजगार हमीच्या कामावर खडी फोडायला गेली आणि खडी फोडून आलेला माणूस धोतरजोडी घ्यायला येत नाही. बघता बघता पेठेतली निम्मी दुकानं कुलपात गेली.

आप्पांचा मुलगा शिवानंद लातूरला गाळा बघून आला होता. तरणा, धंद्यात हुशार, आणि खरं सांगायचं तर त्याचं बरोबर होतं. बापलेकांचं यावरून रोज वाजायचं. शेवटी आप्पांनी त्याच्याकडून मोहलत मागून घेतली. मी माडीवरून ऐकत होतो. "तीन वर्सं थांब. तेवढ्यात पेठ उठली तर हितंच ऱ्हायचं. न्हाई उठली तर जा, मी आडवा येणार न्हाई." शिवानंद म्हणाला, "आन् ती उठवणार कोण?" आप्पा म्हणाले, "सरकार." आप्पांची बायको, म्हणजे काकू, आत भाकरी थापत होत्या, त्या एवढ्या मोठ्यानं हसल्या की भाकर मोडली.

पण माणूस मोठा हट्टी. रोज सकाळी पूजा आटोपली की आप्पा तांब्या घेऊन पेठेतून निघत. टँकरचं पाणी घरात काकू मोजून देत, त्यातला आपल्या अंघोळीचा अर्धा वाटा हे तांब्यात घालून घेऊन येत आणि प्रत्येक बंद दुकानाच्या पायरीवर चार-चार थेंब शिंपडत. शिंपडून झालं की कुलपाला हात जोडून म्हणत, "शरणार्थ." मालक कधीच पुण्याला नाहीतर लातूरला गेलेला असे. मी एकदा विचारलं, "आप्पा, कुलपाला कसला नमस्कार?" तर म्हणाले, "शेजारी हाय. दार लावलं म्हणून काय वळख सोडावी?" गावात पाण्यासाठी घागरीला घागर लागत होती आणि हा माणूस कुलपांच्या पायऱ्या भिजवत होता, म्हणून लोक त्यांना वेडसर समजत. मीही समजत असे. फरक इतकाच की मी भाडेकरू असल्यामुळे तसं बोलत नसे.

तर अशा त्या दिवसांत ते पत्र आलं.

लांबलचक पाकीट, मुंबईच्या कुठल्याशा खात्याचं. पत्ता: अध्यक्ष, बाजारपेठ सुधार समिती, मुरुड. जिल्ह्याची जागा कोरी. कोरी का, याचा मी पुढे बराच विचार केला. आमचा जिल्हा नवा होता आणि तिकडच्या मुरुडच्या जिल्ह्याचं नावही नुकतंच बदललेलं होतं. पाकिटावर पत्ता घालणाऱ्या कारकुनानं म्हटलं असेल की ज्याचा जिल्हा त्याला ठाऊक. आपण कशाला चुकायचं.

आत पत्र असं होतं: समुद्रकिनारी असलेल्या आपल्या गावातील मध्यवर्ती बाजारपेठ ओस पडत असल्याचे शासनाच्या निदर्शनास आले आहे, तरुण वर्ग गाव सोडत आहे, व्यापार अन्यत्र स्थलांतरित होत आहे, पिण्याच्या पाण्याची टंचाई आहे, तरी नूतन बाजार संकुलाची योजना विचाराधीन असून स्थानिक नागरिकांच्या लेखी पाठिंब्याची आवश्यकता आहे.

मी मोठ्यानं वाचत होतो. 'ओस पडत असल्याचे शासनाच्या निदर्शनास आले आहे' इथं आप्पांनी मला थांबवलं. "हे पुन्यांदा वाचा." मी वाचलं. त्यांनी टोपी काढली, पत्र माझ्या हातातून घेऊन कपाळाला लावलं आणि थोडा वेळ तसेच उभे राहिले. इतकी वर्षं ते सरकारला लिहीत होते; सरकारनं त्यांना पहिल्यांदा काही लिहिलं होतं. त्यांचे डोळे भरले होते. मला हसू येत होतं आणि ते मी कसंबसं दाबलं, हे सांगायला आज बरं वाटत नाही.

"आप्पा," मी म्हणालो, "हे आपलं पत्र नाही. समुद्रकिनारी लिहिलंय. हे कोकणातल्या मुरुडचं आहे."

"मास्तर, त्यात किती गोष्टी लिव्हल्यात?"

मी मोजल्या. "पाच."

"पेठ ओस पडून राहिलीय. कुणाची?"

"आपलीही."

"पोरं गाव सोडून राहिलीत. धंदा दुसरीकडं चाललाय. पाण्याची टंचाई हाय. हाय का न्हाई?"

"आहे."

"पाचातल्या चार गोष्टी आपल्या हायत. समुद्र तेवढा न्हाई. आता एका समुद्रापायी चार गोष्टी परत पाठवायच्या का?"

मी मराठीचा मास्तर. गणितात मला कुणीही हरवतं. मी पेन उघडलं.

पत्रासोबत एक प्रश्नावली होती. ती भरताना आप्पांनी एक शब्दही खोटा लिहू दिला नाही, याचा मी साक्षीदार आहे. प्रश्न: भरतीच्या वेळी पाणी बाजारपेठेपासून किती अंतरापर्यंत येते? आप्पा म्हणाले, "टँकर शाळेपातूर येतोय. तिथून बाजार दोनशे पावलं." मी लिहिलं: दोनशे पावले. प्रश्न: ते किती वेळ टिकते? "अर्धा घंटा बी न्हाई." मी लिहिलं: अर्ध्या तासात ओसरते. प्रश्न: सध्या वापरात असलेल्या होड्यांची संख्या? "एक बी न्हाई." प्रश्न: मासळीची विक्री कोणत्या काळात बंद असते? आप्पा जरा अडखळले, विषय त्यांच्या धर्मात बसणारा नव्हता. मग म्हणाले, "श्रावणात असती म्हणा." प्रश्न: खारे वारे व हवामान यांमुळे झालेले नुकसान? "वारं हाय, हवामान हाय, नुकसान हाय. लिव्हा, अतोनात."

मग सह्यांची मोहीम. आप्पा पुढे, कागद घेऊन मी मागे. पेठेच्या पूर्वेच्या रांगेला पाच टपरीवजा दुकानं होती, पत्र्याची आणि जुनी. शेवटचं हमीदाबीचं. नवरा वारल्यावर पानसुपारीचं दुकान तिनंच चालवलेलं. चाळिशीची, कमी बोलणारी बाई. आप्पांनी तिच्यापुढे कागद धरला. तिनं काताचा हात पदराला पुसला, "कुठं लावू?" एवढंच विचारलं आणि अंगठा लावला. कशाला लावतो आहोत हे तिनं विचारलं नाही, आम्हीही सांगितलं नाही. सगळीकडं असंच झालं. आप्पा म्हणतात म्हणजे काहीतरी चांगलंच असणार, आणि नसलं तरी अंगठ्याला काही पाणी लागत नाही.

गावात बातमी मात्र पसरली, आणि बातमी पसरताना जशी होते तशी झाली. तिसऱ्या दिवशी शेजारच्या वाडीचा एक शेतकरी येऊन आप्पांच्या पायरीवर बसला. बसता बसता म्हणाला, "मुरुडला समुद्र मंजूर झालाय म्हणं."

"तसं न्हाई रे," आप्पा म्हणाले.

"तळं म्हणा, धरण म्हणा, समुद्र म्हणा. माझं एवढंच इचारनं हाय, माझं रान बुडीतात जातंय का?"

मी त्याला समजावून सांगितलं की समुद्र येणार नाही, रान बुडणार नाही, काळजी करू नको. तो उठता उठता म्हणाला, "बुडलं असतं तर बरं झालं असतं. तसं बी काय उगवून राहिलंय."

बारा पानं गेली. आप्पा रोज टपालाची वाट बघू लागले. दोन दिवाळ्या गेल्या. मधल्या काळात पाऊस पडला, टँकर बंद झाला, माळावर हिरवं दिसू लागलं. पेठेतली कुलपं तशीच राहिली. शिवानंद तोंडानं काही बोलत नव्हता, पण दुकानातल्या कॅलेंडरवर त्यानं मोहलतीच्या शेवटच्या महिन्याभोवती गोल काढून ठेवला होता.

आणि एक दिवस निमंत्रण आलं. मुरुड येथील नूतन बाजार संकुलाचं उद्घाटन, अध्यक्ष, बाजारपेठ सुधार समिती यांनी अगत्य येण्याचे करावे. उद्घाटन आपल्या गावात आणि इमारत तर कुठं दिसत नाही, याचं गावात कुणाला फारसं आश्चर्य वाटलं नाही. आमच्याकडे हे पूर्वीही घडलेलं होतं. पण खाली बारीक अक्षरात 'समुद्रकिनारा' असं स्थळ होतं. मी आप्पांना म्हणालो, आता तरी पटलं का? त्यांना नाही पटलं. "बोलावून राहिलेत म्हणजे कागद पोचलाय. आधी त्यांचं केलं असंल, मंग आपलं करतील. चला, भेटून येऊ." कोट झाडला, नवी टोपी घातली आणि मला सुट्टी काढायला लावली.

एसट्या बदलत बदलत आम्ही त्या मुरुडला पोचलो. आप्पांनी आयुष्यात पहिल्यांदा समुद्र पाहिला. कमरेवर हात ठेवून बराच वेळ पाहिला आणि म्हणाले, "एवढं पाणी, आन् तांब्याभर बी कामाचं न्हाई. आपल्या कचेरीवानी हाय."

समारंभ झाला. निमंत्रण दाखवल्यावर आम्हाला तिसऱ्या रांगेत बसवलं. व्यासपीठावरच्या पाहुण्यांनी स्थानिक जनतेच्या उत्स्फूर्त पाठिंब्याचे आभार मानले. आप्पांनी कडाडून टाळ्या वाजवल्या. आजूबाजूला फारसं कुणी वाजवत नव्हतं हे मला दिसलं, त्यांना दिसलं नाही.

नंतर आम्ही ती नवी इमारत बघायला गेलो. स्वच्छ, पांढरी, जिना असलेली. आप्पा भिंतीवरून हात फिरवत होते. पलीकडे रस्त्याच्या कडेला एक म्हातारा उलट्या खोक्यावर बसला होता. पुढे गोणपाटावर दोराची भेंडोळी, जाळ्याचं सूत, दोन कंदील मांडलेले. आप्पांनी धंदेवाईक चौकशी केली, "दुकान कुठं हाय तुमचं?"

"तुम्ही आत्ता हात लावत होतात ना, त्या भिंतीखाली," म्हातारा म्हणाला. "आमची सात दुकानं होती इथं. माझं तर आज्यापासूनचं."

"मंग गाळा दिला असंल की आत."

"लिलावात घ्या म्हणाले. आम्ही काय लिलाव बोलणार? अर्ज केलाय. विचार केला जाईल असं लिहून आलंय." तो सूत गुंडाळता गुंडाळता बोलत होता. "आम्ही सगळ्यांनी हरकत घेतली होती हो. पण साहेबानं कागद काढून दाखवले. बारा पानं सह्या! एक नाव ओळखीचं नाही. म्हटलं, ही कुठली माणसं? तर म्हणाले, खाली अध्यक्षांची सही बघा. बघतो तर उर्दूत. इथं पूर्वी नवाबाचं राज्य, म्हणजे सही उर्दूत असली की ती इथलीच असणार, असं त्यांनी ठरवून टाकलं. काय बोलणार?"

मी आप्पांचा कोट ओढला. चला म्हणालो. एसटी चुकेल म्हणालो. आप्पा हलले नाहीत.

"ती सही माझी हाय," ते म्हणाले.

म्हाताऱ्याला आधी थट्टा वाटली. मग आप्पांनी खिशातून निमंत्रण काढून त्याच्या हातात दिलं. त्यानं ते वाचलं, आप्पांकडे पाहिलं, त्यांच्या कपाळावरच्या भस्माकडे पाहिलं. तो ओरडेल, अंगावर येईल असं मला वाटलं. तो नुसता म्हणाला, "तुमचं आम्ही काय वाकडं केलं होतं?"

आप्पा त्याच्या शेजारी खाली बसले, कोटासकट, वाळूत. म्हाताऱ्याच्या सुताचा गुंता झाला होता, त्याचं एक टोक त्यांनी धरलं. दोघं मिळून तो गुंता सोडवत राहिले आणि मी मास्तर म्हणून बाजूला उभा राहिलो. एसटी खरोखरच चुकली.

घरी आल्यावर काकूंनी आप्पांना विचारलं, "काय बघितलं?" म्हणाले, "लई पाणी हाय." त्यानंतर समितीकडून कशालाही पाठिंबा गेला नाही. माझं पेन सुकलं आणि मला, खोटं कशाला बोलू, हायसं वाटलं.

आता नियतीचा विनोद बघा. त्यानंतर चारच महिन्यांत खरं पत्र आलं. जिल्हा लातूर, ठळक अक्षरात, एकही चूक नाही. मुरुडच्या जुन्या पेठेत व्यापारी संकुल बांधायचं ठरत होतं. पूर्वेची रांग काढायची, तिथं दुमजली गाळे, खाली रस्ता रुंद. बाजारपेठ सुधार समितीचं पाठिंब्याचं पत्र आलं की काम पुढं सरकणार. समुद्राचा उल्लेखही नव्हता. आप्पांनी ज्याची जन्मभर वाट पाहिली ते नेमकं हेच होतं, आणि मोहलत संपायला महिना उरला होता.

पेठेत पुन्हा पेढे आले. शिवानंद मला येऊन म्हणाला, "मास्तर, तुमी लिव्हून काढा, आप्पाची सही मी घेतो. हे झालं तर मी लातूरला जात न्हाई, शपथ घेतो." बापाला सोडून जायचं त्याच्याही मनात नव्हतं, हे मला त्या दिवशी कळलं. मी माझ्या सगळ्यात सुंदर अक्षरात पत्र तयार केलं.

आप्पांनी ते वाचायला घेतलं. पूर्वी ते माझं अक्षर बघायचे, त्या दिवशी मजकूर वाचला. "पडणाऱ्या दुकानवाल्यांना गाळा कुठं लिव्हलाय?"

"त्यांचा विचार केला जाईल, असं त्यांच्या पत्रात आहे," मी म्हणालो.

ते उठले, पायात वहाणा सरकवल्या आणि एकटेच पूर्वेच्या रांगेकडे गेले. मी दुकानाच्या दारातून बघत होतो. पहिल्या चार दुकानांत ते थोडा थोडा वेळ थांबले. त्या चौघांची सडकेवर दुसरी सोय होती, ते हसून मान डोलावताना लांबूनही दिसत होते. हमीदाबीकडे बराच वेळ गेला. मग परत आले, पत्र माझ्या हातात ठेवलं आणि म्हणाले, "पाठिंबा न्हाई."

"का?"

"न्हाई म्हणजे न्हाई."

शिवानंद पाया पडला. काकू रडल्या. पेठेतले उरलेसुरले व्यापारी येऊन समजावून गेले, मग शिव्या देऊन गेले. म्हातारा समुद्रावरून येताना डोकं तिकडंच विसरून आला, असं लोक बोलू लागले. मीही तोंड सोडलं. "आप्पा, पाच टपऱ्यांसाठी अख्खी पेठ बुडवून राहिलात तुम्ही! तुमचा पोरगा चाललाय. त्या म्हाताऱ्याचं ऐकून इथं कशाला सूड घेता?" ते म्हणाले, "मास्तर, तुमचं अक्षर लई चांगलं हाय. पण तुमी लिव्हलेलं तुमी वाचत न्हाई." एवढं बोलून ते पुढचं ठाण उलगडायला लागले. गिऱ्हाईक कुणी नव्हतं.

संकुल दुसऱ्या गावी गेलं. शिवानंद लातूरला गेला आणि जाताना बापाशी बोलला नाही. पुढेही फारसा बोलला नाही. त्याचा धंदा चांगला चालला. वर्षभरात मला नांदेडला नोकरी मिळाली आणि मी खोली सोडली. निरोप घेताना आप्पांनी माझ्या हातावर एक शर्टपीस ठेवला, मी तो घेतला, पण मनातून राग गेलेला नव्हता. पुढे काही वर्षांनी ते गेल्याचं कळलं. तेव्हा मी गेलो नाही. परीक्षा होत्या, असं मी काकूंना कळवलं. परीक्षा नव्हत्या.

मागे एकदा लातूरला लग्नाला गेलो होतो, तर वाट वाकडी करून मुरुडात उतरलो. पेठ होती तशीच होती, म्हणजे नव्हतीच. आप्पांच्या दुकानाला कुलूप. पूर्वेच्या रांगेतली चार दुकानं गंजून वाकलेली. शेवटच्यात हमीदाबी बसलेली होती. केस पांढरे, चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली. तिनं मला ओळखलं, पान लावायला घेतलं.

"धंदा कसाय?" मी विचारलं.

"कुठला धंदा. हाय तवर बसून राहिले."

मास्तरकी अंगात मुरलेली, शिकवल्याशिवाय राहवत नाही. मी म्हणालो, "आप्पांनी तेव्हा हट्ट केला नसता तर आज इथं केवढा बाजार असता. स्वतःचा मुलगाही राहिला असता. कुणाचं ऐकलं नाही त्यांनी."

तिनं चुना लावलेलं पान तसंच मांडीवर ठेवलं.

"आप्पानं माझंच ऐकलं हो," ती म्हणाली. "पाठिंबा दिऊ का म्हणून इचारत हुते. मी म्हणले, अंगठा कुठं लावू सांगा. तर म्हणाले, अंगठा नगं, तुमच्या मनात काय हाय ते सांगा. मी म्हणले, मनात इचाराल तर न्हाई. बरं म्हणाले आन् उठले." तिनं पान उचललं, पुन्हा खाली ठेवलं. "त्या पायी पोरगा गेला त्यांचा, आन् समद्या पेठेनं थुकलं. माझं नाव कुणाला कळू दिलं न्हाई, न्हाईतर मला टिकू दिलं असतं का हितं? पर मला वाटलं हुतं मास्तर, तुमाला तरी सांगितलं असंल."